एक्केचाळिसावं पत्र

कमांडर रेग्यांच्या कागदपत्रांची पेटी उघडली, की दप्तरखान्याची वाचनाची खोली डावीकडे कलायची. तिथल्या लोकांना त्याचं काही वाटत नसे. तिथल्या तांबोळीबाईंनी टेबलाचे पाय कधीच बांधून घेतले होते, आणि चहाही त्या बशीशिवाय द्यायच्या.

"उजवीकडे तुमची पत्रं, डावीकडे साहेबांची," त्या कमांडरांच्या पत्नीला, प्रभाताईंना, म्हणाल्या. "तुमच्यातलं एक कमी आहे, काकू. एक्केचाळीस नंबर."

प्रभाताईंना नंबर पाठ होते. नवरा समुद्रावर असला की पत्रं उलटीसुलटी पोचतात, म्हणून त्या प्रत्येक पत्रावर आकडा घालत. नाहीतर बाळाचा ताप आधी उतरायचा आणि मग चढायचा.

"एका पत्रानं एवढी खोली कलते?"

"पत्रात काय होतं त्यावर आहे. पाचला यादी बंद होणार. जागा रिकामी राहिली तर..." तांबोळीबाईंनी घरंगळणारी पेन्सिल पकडली. "कललेलं जहाज तसंच राहत नाही, काकू. सरळ होतं, नाहीतर उलटतं."

साडेचार वाजले होते. कल बारा अंश. खिडकीबाहेर सकाळी स्कूटर लावायची जागा होती. आता तिथे धक्का होता, आणि पाणी.

डावीकडच्या गठ्ठ्यातला एक लिफाफा घसरत टेबलाच्या कडेला आला. प्रभाताईंनी तो झेलला. तिकीट लावलेलं, पत्ता त्यांचाच, पण टपालाचा शिक्का नाही.

"उघडू का?"

"तुमच्याच नावावर आहे की."

आत एकच ओळ होती: ‘तुझ्या ४१ला उत्तर: हो. जा. मी अडवणार नाही.’

पंचेचाळीस वर्षांपूर्वी याच ओळीसाठी त्यांनी तीन महिने दारामागे बॅग भरून ठेवली होती. उत्तर आलं नाही. मग बेचाळिसाव्या पत्रात त्यांनी गॅसच्या टाकीबद्दल लिहिलं, आणि पुढे एकशे बारापर्यंत गॅसच्या टाकीबद्दलच लिहिल्यासारखं लिहीत राहिल्या.

"अठरा अंश," तांबोळीबाई म्हणाल्या. कपाटांची दारं एकेक करून उघडत होती. "आठवतंय का काय होतं? परत लिहा. पेन्सिलीनंच हं, शाईला इथे बंदी आहे."

"आठवायचं काय त्यात? विसरताच तर येत नाहीये."

त्यांनी कोपऱ्यात ‘४१’ लिहून गोल केला. ‘नाशिकच्या शाळेत मला नोकरी मिळतेय. तुमच्या बदल्यांमागे भांडी बांधत फिरणं आता होत नाही. बाळाला घेऊन मी जाऊ का?’ अक्षर तेव्हाचंच उमटलं. कागद उजव्या गठ्ठ्यात ठेवला, तशी खोली सावकाश सरळ झाली. कुठेतरी भोंगा वाजला.

"सुटलं जहाज," तांबोळीबाईंनी यादीवर खूण केली.

प्रभाताई खिडकीशी गेल्या. धक्क्यावर त्याच उभ्या होत्या, एकोणतीस वर्षांच्या, निळ्या पातळात, पायाशी बॅग, कडेवर बाळ, टपालाची वाट बघत.

"अगं प्रभा! आलंय उत्तर!"

तिनं वर पाहिलं. प्रभाताईंनी लिफाफ्याचा हात खिडकीबाहेर काढला. तिनंही हात लांब केला.

"काकू, इथला कागद बाहेर नेता येत नाही," तांबोळीबाई मागून म्हणाल्या, आणि त्यांनी प्रभाताईंचा पदर घट्ट धरला.

मध्ये वीतभर पाणी होतं. मग हातभर.