खोटं हसल्याबद्दल

मैदानावर रेफरीचा दरारा असा, की तो बुटाची नाडी बांधायला वाकला तरी खेळाडू हात वर करून "मी काही नाही केलं" म्हणायचे. एरवी तो शाळेत मुलांकडून कवायत करून घ्यायचा. पण सुट्टीच्या दिवशी काळे कपडे चढवून फुटबॉलच्या मैदानात उतरला, की त्याच्या अंगातच यायचं. एकदा दिलेला निर्णय त्यानं जन्मात फिरवला नव्हता.

सख्ख्या मेहुण्यालाही त्यानं सोडलं नव्हतं. मेहुणा पेशानं प्लंबर आणि हौसेनं फुटबॉलपटू. एका सामन्यात तो गोलपाशी कुणाचा धक्काही न लागता असा कोसळला, की बघणाऱ्याला वाटावं, गेला बिचारा. रेफरीनं शांतपणे पिवळं कार्ड काढलं. खोटं पडणं म्हणजे नाटक, आणि नाटक म्हणजे गुन्हा. मेहुण्यानं ताडकन उठून रेफरीच्या सात पिढ्यांची विचारपूस केली, तेव्हा दुसरं पिवळं निघालं. दोन पिवळ्यांचं एक लाल, आणि लाल म्हणजे तिथून चालतं व्हायचं, शिवाय पुढच्या सामन्याला बंदी. रेफरीच्या बायकोनं भावाची बाजू घेऊन अबोला धरला. कार्ड कायम राहिलं.

तर अशा या माणसावर त्याच्याच नऊ वर्षांच्या मुलीनं लाल कार्ड काढलं, तेही भर हॉस्पिटलात, अख्ख्या वॉर्डासमोर.

मुलीला रक्ताचा कॅन्सर झाला होता. हे वाक्य तिच्या घरात असं सरळ कुणी बोलत नसे. आत्या "ते" म्हणायची, शेजारी "तब्येतीचं" म्हणायचे, आणि रेफरी "हे सगळं" म्हणून हवेत हात गोल फिरवायचा. मुलगी मात्र भेटायला येणाऱ्याला दारातच विचारायची, "मला कॅन्सर झालाय. तुम्ही काय आणलंत?" केस गेले त्या दिवशी तिनं आरशात डोकं चहूबाजूंनी निरखलं आणि आजपासून मला बटाटा म्हणायचं, असं जाहीर करून टाकलं. तोपर्यंत घरात तिला राणी म्हणत. आता राणी म्हणेल त्याला पिवळं कार्ड.

कार्डं तिच्याकडे आली ती बापाच्या गोंधळामुळे. तिला पहिल्यांदा भरती केलं तेव्हा तो सामना अर्धा टाकून मैदानातून थेट पळत आला होता. ती रडायची थांबेना, आणि धीर देण्याजोगं जवळ काही सापडेना, म्हणून त्यानं गळ्यातली शिट्टी आणि खिशातली कार्डं तिच्या हवाली केली. शिट्टी सिस्टरनी त्याच दुपारी जप्त केली. कार्डं राहिली, आणि वॉर्डात हुकूमशाही सुरू झाली.

स्टेथोस्कोप हातावर न चोळता गारेगार पाठीला लावला म्हणून डॉक्टरीणबाईंना पिवळं. आत्या "बिच्चारी गं माझी" म्हणत आत आली, तिला दारातच पिवळं. खुर्चीत टेकता टेकता तिनं "कुणाची दृष्ट लागली कोण जाणे" म्हटलं आणि दुसरं पिवळं मिळवून पर्स उचलून बाहेर गेली. न्याय अगदी धुतल्या तांदळासारखा होता असंही नाही. चित्रं रंगवायची वही आणली की कार्ड माफ व्हायचं. रेफरीला ही लाचखोरी बघवत नसे, पण बोलणार कुणाला?

रेफरीचा एक इशारा तिचा खास लाडका होता. दोन्ही हात समोर सरळ ताणायचे. म्हणजे काय, तर आगळीक झाली ती मी पाहिलीय, पण थांबू नका, खेळ चालू. औषधानं भडाभडा उलटी झाली, की भांड्यातून तोंड वर काढून ती आधी हात ताणायची आणि मग ओठ पुसायची. बाकीच्यांनी गुपचूप थांबलेला पत्त्यांचा डाव पुढे चालू करायचा.

त्या वॉर्डात सगळ्यात वाईट गोष्ट म्हणजे पाठीतली सुई. मणक्यात सुई घालून थोडं पाणी काढायचं आणि त्याच वाटेनं औषध सोडायचं. सुईच्या खोलीत घरच्या एकाच माणसाला परवानगी. आईनं पहिल्या खेपेला सुई बघितली मात्र, तिलाच उचलून खाटेवर झोपवावं लागलं. तेव्हापासून आत जायचा तो रेफरी. मुलगी कुशीवर गुडघे पोटाशी घेऊन पडायची आणि तो तिचं डोकं छातीशी धरून ठेवायचा. ती हूं की चूं करत नसे. "वाघीण आहे वाघीण," तो मग भेटेल त्याला सांगायचा.

खरं सांगायचं तर त्या खोलीचीच तो वाट बघायचा. बाकी या आजारात त्याच्या हाताला कामच नव्हतं. डॉक्टर औषध देत, सिस्टर सुया टोचत, बायको भरवत असे, आणि तो खाटेच्या पायथ्याशी उभा राहून सलाईनचे थेंब बघायचा. त्या खोलीत तेवढा तो बाप असायचा.

सुईच्या आदल्या दिवशी मुलीनं विचारलं, "बाबा, उद्या दुखेल?"

"छे! मुंगी चावल्यासारखं."

पिवळं कार्ड वर आलं. "तुला चावलीय का अशी मुंगी? पाठीत? एवढी लांबलचक?"

शेजारच्या खाटेवरच्या मुलाची आई पदराआड हसली. मुलीला प्रेक्षक मिळाले की चेव यायचा. ती उठून बसली. "बाबा, माझ्या वर्गात सगळ्यांच्या डोक्यात उवा झाल्यात. बाईंच्यासुद्धा. मला सोडून! मी आल्ये पहिली!"

वॉर्ड खो खो हसला. रेफरीही हसला, हा हा हा असा, फोटोवाल्यानं सांगितल्यासारखा. डोळे मात्र सलाईनच्या थेंबांवर.

मुलगी त्याच्याकडे बघत राहिली. तिनं पुन्हा पिवळं कार्ड काढलं, आणि त्याच्यामागोमाग लाल.

"अगं, मी हसलो ना!"

"नुसतं तोंड हसलं. नाटक केलंस. दोन पिवळी झाली. चल, बाहेर. आणि उद्या बंदी. आत मामा येईल."

रेफरीला वाटलं, सकाळपर्यंत विसरेल. कसली विसरते? सकाळी मामा हजर झाला, अंघोळ करून, भांग पाडून, लग्नाला निघाल्यासारखा. रेफरीनं तिला बाजूला घेतलं आणि आयुष्यात पहिल्यांदा निर्णय फिरवण्यासाठी विनवणी केली. "लाल कार्ड मागं घेता येतं, बेटा. कधी कधी."

"मामाचं घेतलं होतंस?"

मामानं रेफरीच्या खांद्यावर हात ठेवला. त्याच्या चेहऱ्यावर जुना हिशोब चुकता झाल्याचं समाधान ओसंडत होतं. "भावोजी, रेफरीशी हुज्जत घालू नये. प्रकरण वाढतं."

दार बंद झालं. रेफरी बाहेरच्या बाकावर बायकोशेजारी बसला आणि आपल्या रिकाम्या हातांकडे बघू लागला. तिचं डोकं आता त्या वेंधळ्याच्या छातीशी असेल. त्याला नीट धरता येईल? नळ धरावा तसं धरेल. आणि ती एवढी सोसणारी पोर, एक शब्द बोलायची नाही, कुणाला कळायचंसुद्धा नाही.

तेवढ्यात आतून किंकाळी आली.

रेफरी उडालाच. हात दाराकडे गेला, बायकोनं सदरा धरून मागं ओढला. किंकाळी लांबली, वळली आणि तिचे शब्द झाले.

"मेल्या सुई! गळक्या नळाच्या! तुझ्या नानाची टांग!"

"पोटातून, पोटातून आवाज काढ!" हा मामा.

"तुंबलेल्या मोरीच्या तोंडाच्या! गंजक्या! सडक्या! फुटक्या टाकीतल्या बेडका!"

"शिव्या खुशाल दे," डॉक्टरीणबाई शांतपणे म्हणाल्या, "फक्त हलू नकोस."

मामा घट्ट बसलेल्या नटबोल्टला जी भाषा वापरायचा, ती सगळी भाची एका दमात ओकत होती. शिवी ऐकली की मैदानावर रेफरीचा हात आपोआप खिशाकडे जायचा. आताही गेला. खिसा रिकामा होता. बेडकाला टाकीत कुणी आणलं, हे त्याला कळेना, आणि त्या बेडकापाशीच त्याचा धीर सुटला. आधी नाकातून फुर्र झालं, मग खांदे हलले, मग तो पोट धरून बाकावर आडवाच झाला. बायको आधी रागावून बघत होती, मग तिनंही तोंडात ओढणी कोंबली. येणारे जाणारे वळून वळून पाहू लागले. हसता हसता रेफरीच्या डोळ्यांतून पाणी येऊ लागलं आणि त्यातलं हसण्याचं किती आणि दुसरं किती, हे त्यालाही सांगता आलं नसतं.

मुलीला बाहेर आणलं तेव्हा ती घामानं चिंब होती. "मघाशी कोण खिंकाळत होतं?"

"तुझा बाप," आई म्हणाली.

तिनं बापाचं लाल झालेलं नाक बारकाईनं तपासलं. त्याला अजून उचक्या लागत होत्या.

सुईनंतर डोकं दुखू नये म्हणून बराच वेळ उताणं पडून राहावं लागतं. रेफरी उशाशी बसला. आई मामाला चहाला घेऊन गेली होती.

"बंदी संपली ना माझी?"

"संपली."

"मग पुढच्या वेळी मी येतो आत."

ती छताकडे बघत राहिली. "मामाच बरा."

हे मात्र त्याला लागलं. "का गं?"

"तुझ्यासमोर ओरडता येत नाही. मी गप्प राहिले की तुला वाटतं, दुखत नाहीये. मग तुझा चेहरा जरा बरा होतो."

"म्हणजे दर वेळी दुखायचं?"

"दर वेळी."

गावभर सांगितलेली ती वाघीण रेफरीला आठवली. मग त्यानं तिच्या उशीखाली हात घातला, पिवळं कार्ड काढलं आणि तिच्या नाकावर धरलं.

"हे काय?"

"नाटक. दुखत असताना न ओरडल्याबद्दल."

"असा नियमच नाही!"

"आहे. खोटं पडणं आणि खोटं न पडणं, गुन्हा एकच."

"मला कार्ड? मला कॅन्सर झालाय!"

"असेल. कार्ड कायम."

तिनं पडल्या पडल्या असा काही तमाशा केला, की मामानं शिकावं. हा अन्याय आहे, हा रेफरी विकला गेलाय, सिस्टर, तुम्ही तरी सांगा. आजारी पडल्यापासून कुणी तिला साधं रागावलंही नव्हतं. तिच्या गालांवर किती तरी दिवसांनी रंग चढला होता.

मग ती दमून थांबली. "बाबा, मी बरी होणार ना? नाटक करू नकोस."

मैदानावर तो डोळ्याचं पातं लवायच्या आत निर्णय द्यायचा. इथेही उत्तर तोंडात तयारच होतं, "होणारच." त्यानं ते गिळलं.

"डॉक्टर म्हणतात, चांगली आशा आहे. पण मला माहीत नाही गं. मला फार भीती वाटते."

त्याच्या डोळ्यांतलं पाणी गालावर आलं. त्यानं ते पुसलं नाही. ती त्याच्या चेहऱ्याकडे बघत राहिली, आणि तो कार्डाची वाट बघत राहिला.

तिनं दोन्ही हात, सलाईनच्या नळीसकट, सरळ छताकडे ताणले.

"पुढच्या वेळी तूच ये," ती म्हणाली. "पण मामाकडून शिव्या शिकून ये."