मागची भिंत

गेटबाहेर गाडीचा हॉर्न वाजला तेव्हा ती पलंगाखाली शेवटचं खोकं ढकलत होती. ते अर्धं आत गेलं आणि अडलं. तिने पायाने रेटलं, चादर पार जमिनीपर्यंत ओढून घेतली आणि मनगटाने कपाळ पुसलं.

"आई, हे काय चाललंय?" मुलगी दारात उभी होती. "आपण चोरी केलीय का?"

"जेवणं होऊ देत. मग सांगते."

"आठवडाभर हेच ऐकतेय. तू नाही सांगितलंस तर मी सांगेन."

"तू चहा टाक. आणि साखरेला हात आखडू नकोस. त्यांना चहा नाही, पाक लागतो."

मुलीला दुसऱ्या शहरात नोकरी लागली होती. घर विकून झालं होतं, महिनाअखेरीस किल्ल्या द्यायच्या होत्या. त्यात वाईट काहीच नव्हतं. वाईट एवढंच, की आज ते येणार होते आणि त्यांना यातलं काही माहीत नव्हतं.

ते म्हणजे तिच्या नवऱ्याच्या पलटणीतली माणसं. तो गेला त्याच्या पुढच्या वर्षी, त्याच तारखेला, ही माणसं पहिल्यांदा आली. सांत्वन करणं कुणालाच जमेना. अंगणात उभं राहून राहून सगळे अवघडले, तेव्हा मेजर म्हणाले, "वहिनी, घराला रंग कधी दिला होता?" तेव्हापासून दर वर्षी त्या दिवशी ते येत, घर रंगवत, जेवत आणि जात. मेजर काही खरे मेजर नव्हते, हुद्दा बराच खालचा होता. पण आवाज असा, की गल्लीतली कुत्रीसुद्धा सावधानमध्ये उभी राहत. पलटणीत शिकले तेवढंच या सगळ्यांना येत होतं. पहिल्या वर्षी त्यांनी अंगणातल्या वाटेच्या दगडांना पांढरा रंग फासला, टाकीवर ठळक अक्षरांत 'पिण्याचे पाणी' असं लिहिलं आणि स्वयंपाकघराच्या दाराशी वाळूने भरलेल्या लाल बादल्या टांगल्या. घरात कुणी मोठे साहेब राहायला येणार आहेत का, म्हणून शेजारीण विचारायला आली होती. नवरा गेल्यापासून ती त्या दिवशी पहिल्यांदा हसली.

आधी बरेच जण यायचे. मग कुणाचे गुडघे आड आले, कुणाची नातवंडं. आता तिघेच उरले होते. मेजर पुढे, त्यांच्यामागे पलटणीचा स्वयंपाकी आणि सगळ्यांत शेवटी ड्रायव्हर, दोन्ही हातांत रंगाचे डबे घेऊन.

"दमलात का, भावोजी?" तिने विचारलं.

"नाही," ड्रायव्हर म्हणाला आणि घराला वळसा घालून मागे गेला.

मागची भिंत त्याची. ती रस्त्यावरून दिसत नाही, तिच्याकडे कुणी ढुंकून बघत नाही, तरी तो दर वर्षी तीच मागून घेई. तिचा नवरा गेला त्या दिवशी गाडी तोच चालवत होता. त्याचा दोष नव्हता, चौकशीत तसं स्पष्ट म्हटलं होतं आणि मेजरांनी स्वतः येऊन तिला ते सांगितलं होतं. तरी पहिली काही वर्षं तिला त्याच्याकडे बघवत नसे. शेजारच्या सीटवरचा गेला आणि स्टिअरिंग धरलेला हा आला, याचा तिला राग यायचा. चहा त्याच्या हातात न देता ती खिडकीत ठेवायची. तोही मुकाट्याने उचलायचा. तो राग कधी विरून गेला ते तिचं तिलाही कळलं नाही. गेला हे मात्र तिने त्याला कधी सांगितलं नव्हतं. असं सांगणार तरी कसं?

गेल्या आठवड्यात त्याच्या बायकोचा फोन आला होता. सहज केला, म्हणाली.

"तुमच्याकडे यायचं म्हटलं की महिनाभर आधीपासून माणसात येतात हो, वहिनी. दाढी करतात, ब्रश धुऊन वाळत घालतात. बाकी वर्षभर खुर्ची सोडत नाहीत. आमचं छत गळतंय, खाली बादली ठेवलीय, तीसुद्धा मीच ओतते. तेवढा तुमचा एक दिवस आहे, म्हणून निभतंय."

तेव्हाच सांगून टाकायला हवं होतं. पण तिची जीभ रेटली नाही.

"वहिनी, मोठं पातेलं कुठंय?" स्वयंपाक्याने आतून विचारलं.

ती अंगणात मेजरांची शिडी धरून उभी होती. पातेलं खोक्यात होतं. "त्याची गरज नाही," ती घाईने ओरडली, "आज लहानात करा!" पण लहान पातेल्यात स्वयंपाक करणं त्या माणसाच्या रक्तातच नव्हतं. चौघांचं जेवण सांगितलं तरी तो चाळीस जणांचं करायचा. त्याने शोधाशोध केली, पलंगावरची चादर उचलली आणि मैदानावर हाक मारायची सवय असलेल्या गळ्याने सगळ्या घराला सांगितलं, "मेजर, इथे सगळं सामान बांधून ठेवलंय!"

मेजर शिडीवरून सावकाश उतरले. ब्रश डब्यावर आडवा ठेवला.

"कुठे बदली?"

"हिच्या नोकरीच्या गावी." तिने दारात आलेल्या मुलीकडे बोट दाखवलं. "घर विकलं, मेजर. आज सांगणारच होते."

"चांगलं केलंत," मेजर म्हणाले. मग हात पुसत पुन्हा म्हणाले, "चांगलंच केलंत." त्या आवाजाने एकही कुत्रं उठून उभं राहिलं नसतं.

मागून ब्रशचा आवाज येत होता. मध्ये थांबला नव्हता. ती घराला वळसा घालून तिकडे गेली. ड्रायव्हर हाताएवढ्या एकाच तुकड्यावर ब्रश फिरवत होता, आणि तो तुकडा कधीचा रंगवून झाला होता.

"भावोजी."

"ऐकलं." त्याने मान वळवली नाही. "नवी माणसं हा रंग बदलतील?"

"बदलतील बहुतेक."

"मग दुसरा हात देऊ की नको?"

"द्या."

त्याने ब्रश डब्यात बुडवला आणि तसाच धरून ठेवला. रंग त्याच्या बुटावर ठिबकत राहिला.

"पुढच्या वर्षी या तारखेला मी कुठे जायचं, वहिनी?"

तिने खूप काही पाठ करून ठेवलं होतं. तिकडेही या, फोन करत जा, घर बदललं म्हणून माणसं बदलतात का, वगैरे. यातलं एकही वाक्य तोंडातून निघेना. नवं घर भाड्याचं होतं, वरच्या मजल्यावरचं. तिथे रंग काय, खिळासुद्धा मालकाला विचारून ठोकायचा होता.

"ते मी बघते," ती म्हणाली. "तुम्ही भिंत पुरी करा."

पुढच्या वर्षी त्या तारखेला ती आणि मुलगी सकाळच्या बसने निघाल्या आणि ड्रायव्हरच्या दारात उतरल्या. मेजर आणि स्वयंपाकी शिडी, डबे घेऊन आधीच येऊन थांबले होते. तिने सगळ्यांना कळवलं होतं, ड्रायव्हरच्या बायकोलाही. त्याला तेवढं विचारलं नव्हतं. विचारलं असतं तर तो नाहीच म्हणाला असता.

बायकोने दार उघडलं आणि ती बाजूला झाली. खोलीत ओल्या भिंतीचा वास होता. भिंतींचे पोपडे सुटलेले, बादलीत वरून थेंब पडत होता. तो खिडकीकडे पाठ करून खुर्चीत बसला होता. दाढी वाढलेली होती. या वेळी त्याने ब्रश धुऊन ठेवले नव्हते.

"वहिनी? तुम्ही इथे कशा?"

"रंग द्यायला."

त्याने तिच्यामागच्या मेजरांकडे पाहिलं, त्यांच्या हातातल्या डब्याकडे पाहिलं.

"चुकीच्या घरी आलात," तो म्हणाला. "या घरातलं कुणी गेलेलं नाही."

"माहीत आहे मला."

"मग?"

"या घरातलं माणूस परत आलं," ती म्हणाली. "त्याला कुणी 'या' म्हणालंच नाही, भावोजी. मी तर नाहीच नाही."

स्वयंपाकी उगाचच एका डब्याचं झाकण उघडून पुन्हा लावत होता. ड्रायव्हरने मान खाली घातली आणि दोन्ही हात खुर्चीवर ठेवून बसून राहिला.

ती कोपऱ्यातल्या लाकडी कपाटाशी गेली. त्याच्यामागची भिंत सगळ्यात जास्त ओली होती. तिने खांदा लावून कपाट ढकललं. हललं नाही. मेजर पुढे झाले, तशी तिने त्यांना हातानेच थांबवलं आणि पुन्हा जोर लावला. आतली भांडी खणखणली.

"थांबा वहिनी," मागून आवाज आला. "असं भरलेलं ढकललं तर पाय मोडेल त्याचा."

तो उठून आला आणि खालचा ड्रॉवर काढायला गुडघे टेकून बसला.