अंगुस्तानाची टकटक

शिंप्याचं आणि सुईच्या नेढ्याचं हल्ली जमेनासं झालं होतं. काळ्या कापडावर काळा दोरा तर त्याला दिसतच नसे. घर चालायचं तर बायकोला इस्पितळात मदतनिसाची नोकरी लागायला हवी होती. काम तिच्या हातचा मळ. आडवी येत होती ती इंग्रजीतली तोंडी परीक्षा.

"या 'टेक'ला माहेर एक आणि सासरं ढीगभर," ती वैतागून म्हणाली. "इन, अप, ऑफ, प्रत्येक घरी वागणं निराळं."

शिंप्याने दुकानातच शाळा मांडली. कामात त्याच्या तोंडात टाचण्या असत, म्हणून सुई टोचू नये म्हणून बोटात घातलेलं अंगुस्तान मेजावर ठोकून तो बायकोला खुणा करी. एक टक म्हणजे कापड आत घे, दोन म्हणजे उंची कमी कर, तीन म्हणजे कोट उतरव. आता टक ऐकली की ती दुकानातल्या कपड्यांच्या पुतळ्यावर हात चालवी आणि म्हणे, टेक इन, टेक अप, टेक ऑफ.

"तोंडात टाचण्या असल्या की छान शिकवता हो तुम्ही."

परीक्षेच्या दिवशी तो खोलीबाहेर बाकावर बसला. दार अर्धवट उघडं होतं. परीक्षक बाईंनी इंग्रजीत विचारलं, "रुग्णाला कोट काढायला मदत करायचीय. काय म्हणाल?"

आत चिडीचूप.

शिंप्याला आपली चूक उमगली. टक ऐकल्याशिवाय बोलायचं त्याने तिला शिकवलंच नव्हतं. अंगुस्तान घाईत बोटातच राहिलं होतं. त्याने बाकावर ठोकायला हात उचलला. तीनदा ठोकलं की झालं. पण उद्या रुग्णाच्या खाटेशी कोण ठोकणार? त्याने अंगुस्तान काढून खिशात टाकलं आणि मूठ आवळून बसला.

मग आतून बारीक आवाज आला. टक, टक, टक. मेजावर नख वाजत होतं.

"लेट मी हेल्प यू टेक ऑफ युवर कोट," ती हळू पण स्वच्छ म्हणाली. पुढची उत्तरं धावदोऱ्यासारखी सरसर आली.

बाहेर येऊन ती त्याच्या शेजारी टेकली. "सोमवारपासून या म्हणाल्या."

तिने त्याचं मोकळं बोट पाहिलं, त्याच्या खिशात हात घालून अंगुस्तान काढलं आणि त्याच्या बोटात चढवलं.

"दुकान बंद नाही करायचं," ती म्हणाली. "सकाळी निघायच्या आधी दिवसभराच्या सुया ओवून ठेवत जाईन."