नळकांड्यातले तांदूळ

मी एक जुनी बंदूक आहे. बोलायची मला सवय नाही. मला बनवलं तेच मुळी बोलू नये म्हणून.

मित्रांनो, १९४४ साली इंग्लंडात एका साध्या शिपाई-रायफलीची काटछाट करून मला घडवलं. नळी आखूड केली आणि तिच्यावर एक जाड नळकांडं चढवलं. आत पत्र्याच्या चकत्या. आवाज त्या चकत्यांत फिरून फिरून दमायचा आणि बाहेर पडेपर्यंत त्याचा सुस्कारा उरायचा. दुसरी गोळी भरताना जो खटका वाजे, तो गोळीपेक्षा मोठा. अधिकाऱ्यांनी तेव्हा माझी फार स्तुती केली. तीही कुजबुजत.

युद्ध संपलं आणि माझ्या बहुतेक बहिणींना भट्टीत वितळवलं. मी कशी वाचले ते मलाही नीटसं माहीत नाही. पण तेव्हापासून जिन्यावर पाऊल वाजलं की मला वाटतं, आले न्यायला. सत्तर वर्षांत मला स्वस्थ झोप नाही.

बऱ्याच हातांतून फिरत मी जर्मनीत, नेकारसुल्मला, हेर क्राउटर यांच्याकडे आले. हेर म्हणजे तिकडे श्रीयुत, गुप्तहेर नव्हे. लेथ शिकवणारे निवृत्त मास्तर. मला घरात ठेवायला त्यांना संग्राहकाचा लाल परवाना काढावा लागला. तो नुसत्या हौसेवर मिळत नाही. एक विषय निवडायचा, त्यातला अभ्यास सिद्ध करायचा, आणि मग विषयाबाहेरची बंदूक कितीही देखणी असली तरी तिच्याकडे बघायचं नाही. लग्नापेक्षा कडक. क्राउटरांचा विषय होता ‘युद्धकाळातली आवाज दाबलेली शस्त्रं’. आम्ही चौघीजणी तळघरात, केलरमध्ये, पोलादी कपाटात उभ्या असायचो. कपाट तपासायला सरकारी माणूस कधीही, न सांगता येऊ शकतो. त्याला एखादा नंबर वाचता आला नाही, तर परवाना जातो. परवाना गेला की आम्ही जप्त, आणि जप्तीच्या शेवटी भट्टीच.

वरच्या मजल्यावर सुलेखा भाडेकरू होती. मोटारींच्या कारखान्यात इंजिनियर. २०१७ साली तिचे सासरे आत्माराम कऱ्हाडहून तीन महिन्यांसाठी आले. त्यांना जर्मन येत नव्हतं आणि क्राउटरांना मराठी. त्यामुळे दोघांची लगेच गट्टी जमली. बागेत बसून एकाच वेळी दोघंही आपापल्या गुडघ्यांबद्दल बोलत.

खंडेनवमी शुक्रवारी आली. सुलेखानं रजा घेतली होती. पाटावर लॅपटॉप, सुऱ्या आणि ड्रिल मशीन मांडलेलं बघून आत्माराम नाराज झाले.

“सूनबाई, ही काय शस्त्रं? भाजी चिरायची आणि भिंतीला भोकं पाडायची. खाली त्या मास्तरांकडे खरी आहेत ना?”

“अहो अप्पा, ती वर आणता येत नाहीत. बाहेरच्यानं हातसुद्धा लावायचा नाही. इथे फार स्ट्रिक्ट आहे.”

“मग पूजा खाली जाईल. देव जागेवर असला तर माणसानं जायचं असतं.”

क्राउटरांनी दहा मिनिटं विचार केला. कायद्यात पूजेबद्दल काहीच नव्हतं. त्यांनी कपाट उघडलं, मला दोन्ही हातांत धरून ते उभे राहिले आणि आत्मारामांनी करंगळीसुद्धा लागू न देता डेलियाची दोन फुलं माझ्या खांद्यावर टेकवली. हळदकुंकू लावायला मात्र मला धरणाऱ्याचंच बोट वापरलं. “इथे?” क्राउटरांनी विचारलं. माझ्या डाव्या कुशीवर तेवढीच एक सपाट जागा होती. आत्मारामांनी मान डोलावली. त्या जागी माझा नंबर होता, हे पूजेच्या गडबडीत संग्राहकाच्याही लक्षात आलं नाही.

मग आत्मारामांनी हात जोडले आणि हळूच म्हणाले, “विचार गं त्यांना, हिनं किती माणसं मारली?”

सुलेखानं विचारलं. “कुणाला ऐकूच आलं नाही,” क्राउटर म्हणाले.

मी तर काय, गप्पच. मला माहीत होतं.

“दसऱ्यापर्यंत पुसायचं नाही,” आत्मारामांनी निघताना बजावलं. क्राउटरांनी मला तसंच कपाटात उभं केलं. नियम तो नियम, मग तो कऱ्हाडचा का असेना.

तासाभरानं जिन्यावर पावलं वाजली. अनोळखी, टाचांची. फ्राऊ बिलिंगर, सरकारी बाई, कपाट तपासायला. तिघींचे नंबर जुळले. माझ्याशी येऊन त्या थांबल्या.

“नंबर कुठे आहे?”

“या लाल रंगाखाली.”

“पुसा.”

“उद्या पुसतो.”

फ्राऊ बिलिंगरांनी पेन बाजूला ठेवलं. “हेर क्राउटर, नंबर झाकणं म्हणजे काय होतं, ते तुम्हाला ठाऊक आहे.”

“हो, ठाऊक आहे. पण मी शब्द दिलाय.”

बोलणं कानावर पडलं तशी सुलेखा आत्मारामांना घेऊन धावत खाली आली. “अप्पा, काहीतरी करा, मास्तरांचा परवाना जाईल!”

“एवढंच ना? मग उत्तरपूजा आत्ताच करू. शास्त्रात सोय आहे.” त्यांनी तोंडानं ‘पुनरागमनाय च’ म्हणत अक्षता उधळल्या. मी नळी वर करून उभी होते. “आता जागेवरून जरा हलवा म्हणावं. तुम्हीच हलवा, मी नाही.” क्राउटरांनी मला बोटभर सरकवलं, रुमालानं कुंकू पुसलं. नंबर निघाला. जुळला.

फ्राऊ बिलिंगरांनी मला परत ठेवायला उचललं आणि माझ्या पोटात खुळखुळलं.

“आत काय आहे?”

“तांदूळ,” सुलेखा म्हणाली.

“कशासाठी?”

सुलेखानं शब्द शोधले. “म्हणजे... तिनं पुन्हा यावं म्हणून. पूजा संपली की तसं म्हणतात.”

फ्राऊ बिलिंगरांनी माझ्याकडे पाहिलं, मग कपाटातल्या तिघींकडे. “हिनं?” त्या म्हणाल्या. “हिनं पुन्हा यायला नको.”

सुलेखानं ते मराठीत सांगितलं. “बरोबर आहे बाईंचं,” आत्माराम म्हणाले. “एवढं एक माझं चुकलंच.”

परवाना वाचला. ताकीद आली. तांदूळ मात्र आतच आहेत, कारण नळकांडं उघडायचं तर परवानगी काढून बंदूक-कारागिराकडे न्यायला हवं. अर्ज दिला त्याला दीड वर्ष झालं. आत्माराम कऱ्हाडला परतले. फोनवर अजून विचारतात, “निघाले का हो तांदूळ?”

मित्रांनो, मला देव्हाऱ्यात बसवू नका आणि पुन्हा कामालाही लावू नका. माझ्यावर कुलूप ठेवा, माझा नंबर स्वच्छ ठेवा, आणि मी काय होते ते पोराबाळांना खरं सांगा. ज्यांच्यावर मी रोखली गेले, त्यांना माझी चाहूलही लागली नाही. आता मला कुणी नुसतं उचललं तरी आतून आवाज येतो. तांदूळ काढू नका.