दोनशे बारा पानांची तक्रार

गोगलचा प्रबंध शुक्रवारी चार वाजून एक्कावन्न मिनिटांनी, म्हणजे मुदतीला नऊ मिनिटं उरलेली असताना, जमा झाला. आता हे वाक्य विसरून जा. असं काही झालेलं नाही. अजून बुधवारची सकाळ आहे, प्रबंध एका वापरलेल्या संगणकाच्या पोटात आहे आणि तो संगणक गोगलच्या कडेवर आहे.

गोगल हे तिचं खरं नाव नव्हे. पण सहा वर्षं गोगलगायींच्या मागे फिरल्यावर लोक दुसरं नाव कशाला शोधतील? गोगलगाय सरळ रेषेत चालते का, हा तिचा प्रश्न. चालत नाही, हे उत्तर. मधे दोनशे बारा पानं.

सोमवारी तिचा जुना संगणक थोडा धूर सोडून वारला. विद्यापीठाच्या फाटकासमोर तिच्या दादाचं झेरॉक्सचं दुकान होतं. त्यानं कोपऱ्यातला एक संगणक पुसून तिच्या हातात ठेवला आणि म्हणाला, पडदा जरा थरथरतो, पण स्वभावानं गरीब आहे. प्रबंधाची प्रत पेन ड्राइव्हवर होती, त्यामुळे गोगल निर्धास्त. तशी ती नेहमीच निर्धास्त असायची. गोगलगायींच्या सहवासात माणूस घाई विसरतो.

नियम मात्र गोगलगाय नव्हता. प्रबंध विद्यापीठाच्या नेटवर्कवरूनच पाठवायचा, आपल्या स्वतःच्या नावावर नोंदवलेल्या यंत्रावरूनच पाठवायचा, आणि शुक्रवारी पाचच्या आत पाठवायचा. चुकलं तर पुढची संधी वर्षानं. इकडे एका कॉलेजात तिची नोकरी ठरली होती, सोमवारी प्रबंधाची पोच दाखवली तरच मिळणार होती, आणि आईनं ती बातमी सगळ्या नात्यागोत्यात पोचवलीही होती. आईनं पोचवलेली बातमी परत घेण्याची सोय कुठल्याच नेटवर्कवर नाही.

तर बुधवारी सकाळी गोगल संगणक कडेवर घेऊन संगणक केंद्रात गेली. तिथले काका खिडकीमागे बसायचे. एकतीस वर्षं नोकरी, आणि एकदाही खोटी नोंद केली नाही, हा त्यांचा अभिमान. त्यांनी संगणक जोडण्याचा अर्ज पुढे सरकवला. पाच पानं, पाच सह्या. पाचवी सही संचालकांची. संचालक कुठे आहेत असं गोगलनं विचारलं, तर ते ‘अर्जांचा झटपट निपटारा’ या विषयावरच्या कार्यशाळेला गेले होते. दहा दिवसांसाठी.

काकांना वाईट वाटलं. वाईट वाटलं की ते माहिती द्यायचे. त्यांनी सांगितलं की हाच जर प्रिंटर असता तर पाच मिनिटांत जोडून दिला असता. प्रिंटरचा अर्ज एका पानाचा, सही फक्त ज्याच्या ताब्यात प्रिंटर आहे त्याची. कारण प्रिंटर बिचारा काय उपद्व्याप करणार?

गोगलनं संगणक खिडकीच्या फळीवर ठेवला.

“काका, प्रिंटर कुणाला म्हणायचं?”

काकांनी नियमावली काढली. बोट फिरवत वाचलं. “ज्यात पाठवलेला मजकूर शेवटी कागदावर उतरतो, ते यंत्र.”

“माझ्या भावाचं झेरॉक्सचं दुकान आहे. यात जे येईल ते शेवटी कागदावर उतरेल.”

काकांनी बोट पुन्हा ओळीच्या सुरुवातीला नेलं. त्यांनी नियम पुन्हा वाचला. ‘शेवटी’ म्हणजे किती वेळानं, ते कुठेच लिहिलेलं नव्हतं. “मग आहेच की प्रिंटर,” ते म्हणाले आणि त्यांनी शिक्का मारला.

विभागातल्या तिच्या खोलीत येऊन त्यांनी स्वतः केबल खोचली. भिंतीवरचा हिरवा दिवा लागला. गोगलचा संगणक आता प्रिंटर क्रमांक चौदा होता, नोंद तिच्या नावावर होती, आणि पुढे दोन दिवस मोकळे होते. प्रबंधावरून शेवटचा हात फिरवावा म्हणून ती बसली, तोच पडद्यावर चाळीस पानं येऊन पडली.

झालं असं होतं की विभागाचा जुना प्रिंटर ‘दुरुस्तीला पाठवला आहे’ अशी पाटी गळ्यात घालून दोन वर्षं जागेवरच बसला होता. नवा प्रिंटर आल्याचं दिसताच अख्खा विभाग त्याच्यावर तुटून पडला. पहिला मान विभागप्रमुखांचा. चाळीस पानं म्हणजे त्यांचं भाषण होतं, आपल्याच सत्काराला उत्तर म्हणून लिहिलेलं.

आता आपण प्रिंटर आहोत म्हटल्यावर छापणं आलं. काकांच्या एकतीस वर्षांना डाग लावायचा नव्हता. गोगलनं भाषण पेन ड्राइव्हवर घेतलं, दादाच्या दुकानात नेलं आणि वाटेत नको तो उद्योग केला: ते वाचलं. मग तिनं त्यातली दोनच पानं छापली आणि कार्यालयाच्या टेबलावर ठेवली. उरलेल्या अडतीस पानांत तेच होतं, फक्त जास्त भावुक होऊन.

गुरुवारी विभागप्रमुख कार्यालयात सांगत होते, की नवीन प्रिंटरला कळतं. भाषणाला टाळ्या तीनदा पडल्या. मग तर रांगच लागली. कुणाचं वेळापत्रक आलं, त्यात एका बाईंचे दोन तास एकाच वेळी दोन मजल्यांवर होते, ते प्रिंटरनं सुधारलं. कुणाचा रजेचा अर्ज आला, त्यात आजोबा तिसऱ्यांदा वारले होते. प्रिंटरनं त्या जागी आजी घातली. दुकान ते विभाग अशा फेऱ्या घालून गोगलच्या चपलेचा अंगठा तुटला. दादानं तिला बघून विचारलं, “अगं, तू संशोधन करतेस की पोस्टात लागलीस?” प्रिंटर झालेय, असं तिनं सांगितल्यावर त्यानं नुसती मान डोलावली. मोठ्या भावांना काही गोष्टी समजून घ्यायच्या नसतात.

शुक्रवारी तीन वाजता गोगलनं प्रबंध पाठवायला घेतला. पडदा थरथरला आणि म्हणाला: प्रिंटरला पाठवण्याची परवानगी नाही. प्रिंटरने फक्त घ्यावे.

पहिल्यांदाच तिनं घड्याळाकडे पाहिलं. कॉलेज, सोमवार, आई आणि अख्खं नातंगोतं एका रांगेत डोळ्यांपुढून गेलं. पण गोगलगाय भिंतीला अडली तर भिंतीवर चढते, हे पान साठवर तिनंच लिहिलं होतं. ती खिडकीवर गेली.

काकांनी ऐकून घेतलं. त्यांना फार वाईट वाटलं, म्हणून त्यांनी फार माहिती दिली. प्रिंटर बाहेर फक्त एकच गोष्ट पाठवू शकतो: तक्रार. कागद संपला, शाई संपली, झाकण उघडं आहे. ती थेट विभागप्रमुखांकडे जाते, तिची तारीख-वेळेसह नोंद होते आणि पोच मिळते.

“तक्रार किती मोठी चालते?”

“मर्यादा नाही घातलेली,” काका म्हणाले. “आजवर कुठला प्रिंटर फार बोललेलाच नाही.”

गोगल परत आली. तक्रारीच्या चौकटीत तिनं लिहिलं, ‘कागद संपला आहे. कारण पुढीलप्रमाणे’, आणि त्याखाली सहा वर्षं ओतली. आलेख, तक्ते, संदर्भसूची, आईवडिलांचे आभार. हिरवा दिवा बराच वेळ लुकलुकत राहिला. चार एक्कावन्नला पोच आली.

सव्वापाचला विभागप्रमुख दारात उभे. त्यांनी आधी थरथरणारा संगणक पाहिला, मग तुटकी चप्पल, आणि त्यांना सगळं कळलं. खुर्ची ओढून ते बसले.

“पान सत्त्याऐंशीवरचा आलेख तिरका आहे.”

“सर, गोगलगाय तशीच गेली.”

त्यांनी नियम बोटांवर मोजले. विद्यापीठाच्या नेटवर्कवरून, हो. स्वतःच्या नावावरच्या यंत्रावरून, हो. पाचच्या आत, हो. प्रबंध हा तक्रार असू नये असं कुठे म्हटलंय? आणि उभ्या आयुष्यात त्यांनी वाचलेले बहुतेक प्रबंध तक्रारीच होते. त्यांनी पोच पावतीवर ‘स्वीकृत’ लिहून सही केली. मग दारात थांबून, जरा लाजत, म्हणाले, “पुढच्या महिन्यात आणखी एक भाषण आहे. चोपन्न पानांचं.”

सोमवारी गोगलनं पावती दाखवून नोकरी घेतली आणि आईचा शब्द राहिला. आता एवढंच उरलं होतं, की प्रिंटरांच्या यादीतून नाव काढायचं. काकांनी नियम वाचला: प्रिंटर दहा वर्षांनी बाद होतो, किंवा पाच जणांच्या समितीसमोर त्याला छापता आलं नाही तर. समितीचे पाचही जण तिच्याकडूनच छापून घेत होते. म्हणून तिनं रीतसर अर्ज केला आणि दादाच्या दुकानात स्वतःच छापला:

मा. संचालक, संगणक केंद्र, यांस.

विषय: प्रिंटर क्रमांक चौदा यास मनुष्य म्हणून घोषित करणेबाबत.

महोदय, अर्जदार ही जन्मापासून मनुष्य असून मध्यंतरी तीन दिवस प्रशासकीय सोयीसाठी प्रिंटर होती. तरी तिला पूर्वपदावर घ्यावे. ते शक्य नसल्यास, प्रिंटर म्हणून झालेल्या फेऱ्यांपोटी एक जोड चप्पल मंजूर करावी, रविवारी ‘शाई संपली’ असे म्हणण्याची मुभा असावी, आणि चोपन्न पानी भाषणे यापुढे जुन्या प्रिंटरकडे, तो दुरुस्तीहून परत येताच, वळती करण्यात यावीत, ही विनंती.