आजोबांनी निवडलेला चिमटा

मित्रांनो, मी एक जुना चिमटा आहे. केस सरळ करायचा, विजेवर तापणारा. दुकानात मला स्ट्रेटनर म्हणत. पण माझी गोष्ट सुरू होते ती माझ्यापासून नव्हे, तर उत्तर न गेलेल्या एका पत्रापासून.

ते पत्र चौदा वर्षांच्या एका मुलीने आपल्या आईच्या वडिलांना लिहिले होते. घरात तिला चिंगी म्हणत. आजोबांना फोनवर बोलायला सुचत नाही, ‘हं’ आणि ‘बरं’ यापुढे गाडी जात नाही, म्हणून तिने मुद्दाम कागद घेतला होता. आधी शाळेची हकिगत, मग मांजराची, आणि शेवटी हे:

"आजोबा, वर्गात सगळे मला झिपरी म्हणतात. आई म्हणते, माझे केस थेट आजीसारखे आहेत. मी आजीला पाहिलंच नाही. फोटोत तिचे केस दिसतच नाहीत, सगळीकडे डोक्याला रुमाल. आजी छान दिसायची का? खरं सांगा. आईला विचारलं तर ती छानच म्हणणार."

आजोबा छापखान्यात मुद्रितशोधक होते. चाळीस वर्षे लाल शाईची लेखणी घेऊन त्यांनी इतरांच्या मजकुरातल्या चुका काढल्या. पण स्वतःचे एक वाक्य लिहायचे म्हटले की त्यांना घाम फुटे. त्यांनी तीनदा ‘प्रिय चिंगी’ लिहिले आणि तीनदा फाडले. असे दोन महिने गेले. तिचा वाढदिवस जवळ आला, तेव्हा त्यांनी पत्राचा नाद सोडला आणि भेटवस्तू घ्यायचे ठरवले. पत्र पुन्हा उघडून पाहिले नाही. त्यांच्या लक्षात राहिले ते एवढेच, की केसांवरून पोरीला चिडवतात.

माझा जन्म कारखान्यातला. एका बाईने नकली केसांची बट माझ्या जबड्यातून ओढली, निरखून पाहिली आणि मला ‘पास’च्या खोक्यात टाकले. माझ्या वाट्याला आलेली ती पहिली शाबासकी. दुसरी मिळाली दुकानात, आजोबांकडून.

त्यांनी आठवडाभर अभ्यास केला होता. वहीत अकरा पाने भरली होती. पट्ट्या कशाच्या, तापमान किती, वायर किती लांब. विकणारी बाई आधी कौतुकाने ऐकत होती, मग घड्याळाकडे पाहू लागली.

"हा सर्वांत जास्त तापतो?" आजोबांनी माझ्याकडे बोट दाखवले.

"तापतो. पण आजोबा, नवख्या हाताला हा नको. तिने मागितलाय का?"

"म्हणजे... पत्र आलं होतं तिचं."

"त्यात काय लिहिलंय? सरळच हवेत म्हणते? कुरळे केस तसेच छान ठेवायच्याही वस्तू आहेत माझ्याकडे. तिला एकदा विचारून घ्या ना."

विचारायचे म्हणजे बोलायचे. आजोबांचे कान लाल झाले. "हाच द्या," ते म्हणाले. "उत्तम आहे."

उत्तम! मित्रांनो, मी खोक्यात फुलून गेलो.

घरी आल्यावर त्यांनी माझ्यासोबतचे माहितीपत्रक वाचायला घेतले. सवयच ती. त्यात सात चुका निघाल्या. सातही त्यांनी लाल शाईने समासात दुरुस्त केल्या, घडी जशीच्या तशी घातली आणि मला रवाना केले. सोबत चिठ्ठी घालायला शब्द सापडले नाहीत.

चिंगीने खोके फाडले तेव्हा तिने मला हातात घेतलेच नाही. बाजूला ठेवले आणि खोक्यात हात घालून चाचपले. मग पत्रकात तिला लाल अक्षरे दिसली.

"आई, आजोबांनी लिहिलंय!"

ती पळत खिडकीशी गेली. एक पान उलटले, दुसरे उलटले. सातही दुरुस्त्या तिने वाचल्या. मग पत्रकाचा बोळा करून कचऱ्यात टाकला.

"अगं, काय लिहिलंय?" आई आतून म्हणाली.

"काही नाही. आजीही वाईटच दिसायची."

"असं लिहिलंय बाबांनी?"

"चिमटा पाठवलाय ना! आणखी काय लिहायचं?"

ओल्या केसांना मला लावू नये, हे त्या पत्रकात मोठ्या अक्षरांत होते. पण पत्रक कचऱ्यात गेले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने डोके धुतले, माझा काटा शेवटच्या आकड्यावर नेला आणि कानामागची जाड बट माझ्या जबड्यात दिली. मला थांबता येत नाही, मित्रांनो. मला फक्त तापता येते. चर्र आवाज झाला, वाफ आली, करपट वास सुटला. तिने मला खाली ओढले तेव्हा ती बट माझ्याबरोबरच आली.

दोन्ही बाजू सारख्या दिसाव्यात म्हणून तिने दुसरीकडेही मला लावले. पोरच ते.

आईने कात्री घेऊन उरलेले केस बोटभर ठेवले. तिसऱ्या दिवशी चिंगी शाळेतून आली आणि दप्तर न काढताच पलंगावर बसली.

"चिडवलं का गं कुणी?"

"झिपरी नाही म्हणत आता," ती म्हणाली. "जळकी म्हणतात."

त्या संध्याकाळी तिने मला जुन्या उशीच्या अभ्र्यात गुंडाळले. माझ्या पट्टीला चिकटलेले केसही पुसले नाहीत. आत एक कागद टाकला. त्यावर एकच ओळ होती: ‘आजोबा, उत्तर कळलं.’

मी परत आजोबांच्या टेबलावर आलो. त्यांनी ओळ वाचली. मग माझा जबडा उघडला. काळ्या, करपलेल्या, तरीही टोकाला वळलेल्या त्या केसांना त्यांनी बोट लावले आणि ते झटक्याने मागे घेतले. तेवढ्यात लेकीचा फोन आला.

"बाबा, पोरीनं विचारलं काय आणि तुम्ही पाठवलंत काय!"

"हं."

"हं काय? माझ्या आईला म्हणायचात तेच तिलाही म्हणालात शेवटी."

फोन बंद झाला. आजोबांनी पहिले पत्र शोधून काढले आणि ओठ हलवत वाचले, अगदी शेवटच्या ओळीपर्यंत. मग लिहायला बसले. दुपार झाली. जेवण झाकलेलेच राहिले. लिहिताना पुटपुटायची त्यांना खोड होती, म्हणून तर मला सारे ऐकू आले:

"चिंगी, तुझ्या आजीचे केस फार सुंदर होते. लग्नाला आठवडाही झाला नव्हता, तेव्हा मी चारचौघांत त्यांना ‘घरटं’ म्हणालो. सगळे हसले, म्हणून पुढेही म्हणत राहिलो. तिने डोक्याला रुमाल बांधला तो कायमचा. तिचे केस सुंदर आहेत, हे मी तिला एकदाही सांगितलं नाही. तुला खरं लिहायचं तर हेही लिहावं लागलं असतं, म्हणून लिहिलं नाही. तुझे केस मी जाळले. माफ कर, असं म्हणायची मला लाज वाटते."

मित्रांनो, मला ओल्या केसांना लावू नका, माझा काटा शेवटपर्यंत नेऊ नका. आणि कुणी तुम्हाला काही विचारले, तर तोंडाने सांगा, नाहीतर लिहून सांगा. माझ्यासारख्याला पाठवू नका. मी तुमच्या मनातले सांगू शकत नाही, आणि लोक मात्र माझ्यातून काहीबाही वाचतात.

आजोबांनी माझी वायर कापली, मला कापडी पिशवीत टाकले आणि ते भंगारवाल्याकडे निघाले. वाटेत टपालपेटीपाशी थांबले.  मागून कुणीतरी म्हणाले, "काका, टाकताय ना? नाहीतर जरा सरका."

"टाकतो," आजोबा म्हणाले.

मग पेटीची झडप वाजली, आणि आत कागद पडल्याचा आवाज आला.