दहाच्या आधी न पावणारे महाराज

महाराजांच्या खुर्चीभोवती अख्ख्या ऑफिसने कोंडाळं केलं होतं. महाराज म्हणजे तिथले सर्वांत जुने प्रोग्रामर. त्यांनी डोळे मिटले, संगणकावर तळहात ठेवला, काहीतरी पुटपुटले आणि बटण दाबलं. सकाळपासून लाल, म्हणजे नापास, दिसणारी प्रोग्रामची चाचणी हिरवी झाली.

"यंत्रालाही मन असतं," महाराज म्हणाले. "फक्त दहाच्या आधी मला बोलवू नका. तोवर ते रुसलेलं असतं."

माना डोलावणाऱ्यांत साहेबही होते. नव्या टेस्टरबाईंना मात्र रडू फुटायचं बाकी होतं. लेकीला शाळेतून आणायचं म्हणून त्या आठलाच कामावर येत, चाचणी चालवत, आणि ती रोज नापास होई. बाईंचा हातगुणच वाईट, अशी कुजबुज होतीच. आज साहेब म्हणाले, "ताई, राग मानू नका, पण उद्यापासून तुम्ही नाही आलात तरी चालेल."

काम होतं दवाखान्याच्या तारखा देणाऱ्या प्रोग्रामचं. 'आज तारीख कोणती?' एवढंच चाचणी विचारी, आणि सकाळी उत्तर येई कालची तारीख. बाईंना हेच खटकलं. रुसलेलं यंत्र नेमका एकच दिवस मागे कसं जातं?

जेवणानंतर सगळ्यांदेखत त्यांनी संगणकाचं घड्याळ मागे नेऊन सकाळचे नऊ केले.

"महाराज, जरा हात ठेवता?"

महाराजांनी हात ठेवला. लाल. दुसराही ठेवला. तरी लाल.

"कोणाची तरी दृष्ट लागली," महाराज पुटपुटले.

बाईंनी घड्याळ पूर्ववत केलं आणि करंगळीने बटण दाबलं. हिरवं.

"आपण भारताच्या खूप पूर्वेला, म्हणून इथलं घड्याळ जागतिक वेळेच्या साडेपाच नाही, दहा तास पुढे," त्या म्हणाल्या. "चाचणी आपली तारीख धरते, प्रोग्राम जागतिक वेळेची. सकाळी दहापर्यंत तिकडे कालचाच दिवस चालू असतो. सकाळच्या पेशंटलाही चुकीचीच तारीख मिळाली असती."

"मग उपाय?" साहेबांनी विचारलं.

"प्रोग्रामला दवाखान्याची स्थानिक वेळ धरायला लावू. आणि चाचणीला चालू घड्याळ बघू द्यायचं नाही. वेळ आपणच ठरवून द्यायची, ती जागतिक वेळेच्या किती तास पुढे-मागे आहे तेही सांगायचं. मग केव्हाही चालवा, कोणीही चालवा."

महाराज ओशाळले. "खरं सांगू का ताई, मलाही ते खरं वाटायला लागलं होतं."

साहेब घसा खाकरून म्हणाले, "उद्या आठला याल ना?"

"येईन. पण माझ्या हातगुणाची चर्चा आज इथेच संपली पाहिजे."

तर मंडळी, चमत्कार रोज ठरावीक वेळेलाच घडत असेल, तर हात जोडण्याआधी ती वेळ बदलून बघा. आणि कोणावर अपशकुनी असा शिक्का मारण्याआधी तर नक्कीच बघा, कारण त्या शिक्क्याने एखादीची भाकरी जाते.